धावपटू कुणाचा, जर्सी कुणाची?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेला कोरपना तालुका उद्योगजगताला ठाऊक आहे तो चुनखडीमुळे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या गावांची नावे सिमेंटच्या गोण्यांबरोबर देशभर पोहोचली. गेल्या काही वर्षांतील विलीनीकरणे आणि खरेदीव्यवहारांनंतर येथील कारखाने आज देशातील बड्या सिमेंट समूहांच्या ताब्यात आहेत: आदित्य बिर्ला समूहाची अल्ट्राटेक, अदानी समूहाची अंबुजा आणि दालमिया. गोंड, कोलाम आणि लगतच्या प्रदेशांतून येऊन स्थिरावलेल्या शेतकऱ्यांच्या या तालुक्यात पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात, त्यांची मात्र फारशी नोंद कुठे होत नाही.

ही मुले ऑलिंपिकसाठी धावत नाहीत. ती पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक अशी शिपाईपदाची मैदानी परीक्षा असते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत अ‍ॅथलेटिक्सची सर्वांत मोठी स्पर्धा कोणती, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर 'पोलीस भरती' हेच द्यावे लागेल. तिचे नियम सर्वांना माहीत असतात, वेळ घड्याळावर मोजली जाते आणि बक्षीस ठरलेले असते: आयुष्यभराचा पगार.

धावण्यासाठी पैसा कोण देतो आणि त्या पैशाच्या बदल्यात धावपटूवर हक्क कुणाचा, हा जागतिक अ‍ॅथलेटिक्समधील जुना आणि अजूनही न सुटलेला वाद आहे. अमेरिकेत त्याचे स्वरूप बूट बनविणाऱ्या कंपन्या विरुद्ध महासंघ असे असते. भारतात तो निराळ्या रूपात दिसतो. येथे खरा प्रायोजक म्हणजे नोकरी देणारा: लष्कर, रेल्वे, पोलीस, ओएनजीसीसारखे सार्वजनिक उपक्रम. महासंघ पगार देत नाही. परंतु कोणती स्पर्धा खेळायची, भारताच्या संघात कुणी जायचे आणि जर्सीवर कुणाचे नाव झळकायचे, याचा निर्णय त्याच्याच हाती असतो. पोसणारा एक आणि ठरविणारा दुसरा, अशी ही रचना आहे. या दोघांमध्ये धावपटूचे म्हणणे कुठे नोंदवले जाते, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

महाराष्ट्रापुरते सर्वांत ठळक उदाहरण अविनाश साबळे याचे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा या दुष्काळी गावचा हा मुलगा बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीन आणि राजस्थान येथे नेमणुका झाल्यावर तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचेच विक्रम मोडत गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद आणि त्याच शहरात महिनाभराने ऑलिंपिकची अंतिम फेरी. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

या प्रवासात प्रायोजकत्व आणि नियंत्रण यांचे दोन्ही चेहरे दिसतात. राष्ट्रीय शिबिरात महासंघाने नेमलेले बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांची सरावपद्धती साबळेला मानवेना. तो लष्करातील आपले प्रशिक्षक अमरीशकुमार यांच्याकडे परतला. ही मोकळीक त्याला मिळू शकली, कारण त्याच्या पाठीशी लष्करासारखी संस्था होती. तिचे स्वतःचे प्रशिक्षक, स्वतःचे मैदान, स्वतःचा भटारखाना. असा आधार नसलेल्या धावपटूला शिबिर सोडणे म्हणजे निवास, आहार, फिजिओथेरपी आणि बहुधा निवडकर्त्यांची मर्जी हे सगळेच सोडणे होय. प्रशिक्षक निवडण्याचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांना असते. प्रत्यक्षात ते ज्याच्यामागे दुसरा पोशिंदा आहे त्यालाच परवडते.

दुसरा प्रसंग मात्र महासंघाच्या बाजूने सांगायला हवा. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत अन्य धावपटूंच्या पडापडीमुळे साबळेला अडथळा झाला आणि तो अंतिम फेरीबाहेर राहिला. भारतीय पथकाने निषेधअर्ज दाखल केला, चित्रफीत तपासली गेली आणि साबळेला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंद अशी वेळ देऊन टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली. असा अर्ज करण्याचे काम बूट देणारी कंपनी करीत नाही, पगार देणारी रेजिमेंटही करू शकत नाही. ते देशाच्या संघव्यवस्थापनाचेच काम आहे. महासंघ नकोच, असे म्हणणाऱ्यांनी दोहाची ती रात्र विसरता कामा नये.

नोकरी हेच प्रायोजकत्व मानल्यावर त्यातून येणारी दुखणीही नोकरीचीच असतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेच्या इतिहासात भारतीय महिलेने ट्रॅकवर मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक होते. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य आणि कांस्यही आले. त्यांना ओएनजीसीत नोकरी मिळाली. परंतु राज्य शासनाच्या सेवेत वर्ग एकचे पद मिळावे यासाठी त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला आणि २०२४ मध्ये त्यांनी आपली नाराजी जाहीरपणे मांडली. साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरील ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांना पुढे राज्याच्या महसूल सेवेत अधिकारीपद मिळाले. दोघींनीही देशासाठी धाव घेतली; पद कुणाला, कोणते आणि केव्हा, हे मात्र शासननिर्णयांच्या भाषेवर आणि त्या त्या वेळच्या मंत्रालयावर अवलंबून राहिले. खासगी प्रायोजकाशी निदान लेखी करार तरी असतो.

महाराष्ट्राच्या क्रीडाइतिहासात प्रायोजकत्वाची सर्वांत हृद्य गोष्ट अर्थात कुस्तीची आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव यांना निवडचाचणीत न्याय मिळवण्यासाठी झगडावे लागले आणि प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा उसनवारीवर आले. त्या प्राचार्यांनी खाशाबांच्या अंगावर कसलेही नाव लिहिले नाही. पुढच्या काळात ते नाव लिहिणे हाच व्यवहाराचा गाभा झाला.

छातीवरची जागा

धावपटूजवळ विकण्यासारखे फार थोडे असते. क्रिकेटपटूची बॅट तासन्‌तास पडद्यावर दिसते. ८०० मीटरचा धावपटू पावणेदोन मिनिटांत नाहीसा होतो. त्याच्याकडे असतात बूट, छातीवरची आणि पाठीवरची जागा आणि स्वतःचे नाव. डायमंड लीगसारख्या एकदिवसीय स्पर्धांत तो आपल्या प्रायोजकाची जर्सी घालून धावतो. जागतिक, आशियाई किंवा ऑलिंपिक स्पर्धेत मात्र अंगात देशाचा पोशाख असतो आणि त्यावरील कंपनीचे चिन्ह ठरवते महासंघ किंवा ऑलिंपिक संघटना. पायातले बूट तेवढे स्वतःच्या कराराप्रमाणे घालता येतात. म्हणजे चार वर्षांतून एकदा, जेव्हा सारे जग पाहत असते, नेमक्या त्या वेळी धावपटूची सर्वांत मोलाची जागा दुसऱ्याच्या मालकीची होते.

याच मुद्द्यावर अमेरिकेचा ८०० मीटरचा धावपटू निक सिमंड्स याने २०१५ मध्ये महासंघाशी दोन हात केले. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेतील हा रौप्यपदक विजेता ब्रूक्स या कंपनीशी करारबद्ध होता, तर अमेरिकी महासंघाचा करार नाइकेशी. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेसाठी निवड झालेल्यांना संघाच्या अधिकृत कार्यक्रमांत महासंघाने दिलेलाच पोशाख घालण्याच्या अटीवर सही करायची होती. सिमंड्सचा प्रश्न साधा होता: 'अधिकृत कार्यक्रम' म्हणजे नेमके काय? शर्यत, पदकप्रदान, पत्रकार परिषद हे समजू शकते. हॉटेलातला नाश्ता किंवा संध्याकाळचा फेरफटका यांचे काय? व्याख्या मिळाल्याशिवाय सही करणार नाही, असे त्याने कळवले. राष्ट्रीय विजेता असूनही तो बीजिंगला गेला नाही. त्याआधीच्या वर्षी, २०१४ मध्ये, महासंघाने नाइकेशी थेट २०४० पर्यंतचा करार केला होता आणि त्याची किंमत सुमारे ५० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. त्या पैशातला किती वाटा प्रत्यक्ष धावणाऱ्यांच्या हाती पडतो, हा सिमंड्सचा खरा सवाल होता. हाच गृहस्थ २०१२ मध्ये आपल्या दंडावरची जागा इंटरनेटवर लिलावात काढून तेथे जाहिरातदाराचे नाव गोंदवून धावला होता आणि मोठ्या स्पर्धांत ते चिकटपट्टीखाली झाकावे लागले होते. जाहिरात कातडीवर असली तरी ती जागा कुणाची, हे नियमपुस्तकच ठरवते.

ऑलिंपिक सनदेतील चाळिसावा नियमही याच जातीचा. स्पर्धेच्या काळात खेळाडूचे नाव, छायाचित्र किंवा कामगिरी बिगर-ऑलिंपिक प्रायोजकाने वापरू नये, असा त्याचा आशय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकदरम्यान अमेरिकी धावपटूंनी त्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. बांध फुटला तो जर्मनीत. तेथील स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम खेळाडूंवर अवाजवी बंधने घालतो, असे ठरवले आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय समितीला तो सर्वांसाठीच सैल करावा लागला. खेळाच्या न्यायव्यवस्थेने जे केले नाही, ते बाजारपेठेच्या कायद्याने करून दाखवले.

भारतीय वाचकाला हा वाद क्रिकेटमुळे परिचित आहे. २००२ मध्ये कोलंबोची चॅम्पियन्स ट्रॉफी आणि पुढच्या वर्षीचा विश्वचषक यांच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने स्पर्धेच्या प्रायोजकांशी स्पर्धा करणाऱ्या मालाची जाहिरात खेळाडूंनी करू नये, अशी अट घातली होती. सचिन तेंडुलकरसह भारताचे प्रमुख खेळाडू अडून बसले, मंडळाला मधला मार्ग काढावा लागला. तेथे खेळाडू एकत्र होते आणि त्यांच्यावाचून स्पर्धेला अर्थ उरत नव्हता. अ‍ॅथलेटिक्समध्ये या दोन्ही गोष्टींचा अभाव. ट्रॅकवरचा प्रत्येक जण एकटा असतो आणि शेजारच्या मार्गिकेतला त्याचा प्रतिस्पर्धी असतो. जागा रिकामी झाली तर दुसरा उभा राहतो.

याचे भारतीय प्रत्यंतर २०२१ मध्ये आले. टोकियोसाठी भारतीय पथकाच्या पोशाखाचा पुरवठादार ली-निंग ही चिनी कंपनी होती. गलवानच्या संघर्षानंतरच्या वातावरणात पोशाखाचे अनावरण होताच टीका झाली आणि जूनमध्ये, स्पर्धेला दोन महिनेही उरले नसताना, भारतीय ऑलिंपिक संघटनेने तो करार बाजूला ठेवून पथक कंपनीचे चिन्ह नसलेल्या पोशाखात पाठवले. निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. लक्षात घेण्याजोगे हे, की करार झाला तेव्हा आणि मोडला तेव्हाही ज्यांच्या अंगावर तो पोशाख चढणार होता त्या खेळाडूंना कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

शिक्का कुणाच्या हाती

जर्सीवरील चिन्हापेक्षाही मोठी सत्ता निवडीची. जागतिक संघटना प्रत्येक देशातील एकाच महासंघाला मान्यता देते. त्याच्यामार्फत नाव गेल्याखेरीज जागतिक स्पर्धेचे दार उघडत नाही. केरळच्या पी. यू. चित्रा हिचे प्रकरण अजून विस्मरणात गेलेले नाही. जुलै २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तिने १५०० मीटरचे सुवर्ण जिंकले. खंडाच्या विजेत्याला जागतिक स्पर्धेत थेट प्रवेशाची वाट असते. मात्र त्याला स्वतःच्या महासंघाची संमती लागते. तिची वेळ जागतिक दर्जाची नाही, असे कारण देत भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने लंडनच्या संघातून तिला वगळले. ती केरळ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तिला पाठवण्याचा आदेश दिला, तोपर्यंत नावे नोंदविण्याची मुदत उलटली होती आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने विनंती फेटाळली. खटला जिंकूनही शर्यत हुकली.

महासंघाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पदकाची किंवा अंतिम फेरीची शक्यता नसलेल्यांना पाठवून काय साधणार, हा प्रश्न करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या पथकाबाबत विचारला जाणारच. परंतु खासगी प्रायोजकाच्या दृष्टीने जागतिक स्पर्धेतली हजेरी हीच धावपटूची किंमत. ती हजेरी अखेरच्या आठवड्यात, निकष आधी जाहीर न करता रद्द होऊ शकत असेल, तर कुठली कंपनी एखाद्या चित्रावर पैसे लावील? निवडीतील अनिश्चितता ही अशा रीतीने थेट पैशाची बाब बनते. म्हणूनच देशात प्रायोजक मिळतात ते आधीच पदक मिळवलेल्यांना. नीरज चोप्राच्या नावाने जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या श्री कंठीरवा मैदानावर भालाफेकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, ती जेएसडब्ल्यू समूहाच्या पाठबळावर आणि महासंघ व जागतिक संघटना यांच्या मान्यतेने. खेळाडूच्या नावाची स्पर्धा हे भारतीय अ‍ॅथलेटिक्समध्ये नवलच होते. परंतु ते नाव ऑलिंपिक विजेत्याचे होते. सत्राव्या वर्षीच्या धावपटूला त्याचा उपयोग कोणता?

मधल्या काळात व्यवस्था बदलत आहे, हे नोंदवले पाहिजे. मुंबईकर ऑलिंपिकपटू आदिल सुमारीवाला २०१२ पासून भारतीय महासंघाचे अध्यक्ष होते. जानेवारी २०२५ मध्ये माजी गोळाफेकपटू बहादूरसिंग सग्गू यांनी त्यांची जागा घेतली. त्याच सुमारास महासंघाने वर्षभर चालणाऱ्या राष्ट्रीय शिबिरांचा पसारा आवरून लष्कर आणि खासगी उद्योगसमूह यांच्या केंद्रांवर अधिक भिस्त ठेवण्याचे धोरण स्वीकारले. शिबिराच्या जाचातून सुटका म्हणून त्याचे स्वागत झाले. त्याची दुसरी बाजू अशी की ज्याला कोणत्याही समूहाने उचललेले नाही, त्याच्या डोक्यावरचे एकमेव छप्परही आक्रसले. केंद्र सरकारची 'टॉप्स' योजना निवडक खेळाडूंना महिना ५० हजार रुपये भत्ता देते. पण ती ज्यांचे नाव पुढे आले आहे त्यांच्यासाठी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांना मान्यता देणारे मंडळ, तंट्यांसाठी न्यायाधिकरण, कार्यकारिणीत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची समिती, अशा तरतुदी त्यात आहेत. २०२३ मधील कुस्तीगिरांच्या आंदोलनानंतर असा कायदा अटळच होता. चित्रासारख्या प्रकरणात उच्च न्यायालयाऐवजी तज्ज्ञ न्यायाधिकरणाकडे जाता येईल, ही मोठी सोय ठरू शकते. त्याचा निकाल नावनोंदणीच्या मुदतीपूर्वी लागेल का, हे मात्र पाहावे लागेल. खेळाडूच्या व्यापारी हक्कांविषयी, म्हणजे जर्सीवरच्या जागेतून येणाऱ्या पैशात त्याचा वाटा किती, याविषयी हा कायदा सविस्तर काही सांगत नाही. जागतिक संघटनेने पॅरिस ऑलिंपिकमधील अ‍ॅथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णविजेत्याला ५० हजार डॉलर देऊन एक पायंडा पाडला आहे. राष्ट्रीय महासंघांच्या पातळीवर त्याचे अनुकरण अजून झालेले नाही.

कोरपन्यापर्यंत काय पोहोचते?

आता पुन्हा सिमेंटच्या तालुक्याकडे यावे. कारण कंपन्यांचा पैसा आणि खेळ यांची गाठ कायद्याने जेथे घालून दिली आहे, तेथे कोरपना बसतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी, हे त्याचे सूत्र. खर्चाच्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळ यांच्या 'प्रशिक्षणाचा' स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय जेथे कंपनीचे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. चुनखडीच्या खाणी कोरपन्यात आहेत. त्या अर्थाने परिसरही कोरपनाच.

गोम पुढे आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व अशा एकवेळच्या उपक्रमांचा खर्च या दोन टक्क्यांत धरता येणार नाही, असे बजावले. जानेवारी २०२१ मध्ये नियम आणखी काटेकोर झाले: मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व सामाजिक खर्च ठरत नाही. उलट, राज्याचे राष्ट्रीय पातळीवर किंवा देशाचे आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचे परदेशातील प्रशिक्षण मात्र चालते. एरवी हा पैसा देशाबाहेर खर्च करता येत नाही. खेळाडूंसाठी तेवढा अपवाद ठेवला आहे. कायद्याने येथे खर्डेकर आणि नाइके यांच्यात रेष ओढली आहे. धावपटूच्या छातीवर नाव लिहायचे असेल तर जाहिरातीच्या अंदाजपत्रकातून द्या. नाव न लिहिता द्यायचे असेल तर दोन टक्क्यांतून द्या.

ही रेष खरे तर खेड्यातल्या खेळाडूच्या फायद्याची आहे. जाहिरातीचा पैसा पदकामागे धावतो, सामाजिक खर्चाचा पैसा पदकाच्या दहा वर्षे आधी येऊ शकतो. पण तो येतो कसा, हे पाहिले की अडचण लक्षात येते. खर्चाचा अहवाल वर्षाच्या हिशेबाने मांडायचा असतो. भिंत, प्रवेशद्वार, व्यायामाची यंत्रे, खेळाच्या साहित्याचे वाटप यांची छायाचित्रे निघतात. प्रशिक्षकाच्या पगाराचे छायाचित्र निघत नाही. आणि मध्यम पल्ल्याची धावपटू घडवायला सलग आठ-दहा वर्षे एकाच जाणत्या माणसाची नजर लागते. कविता राऊत यांच्यामागे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदरसिंग होते, साबळेमागे अमरीशकुमार. दोन्ही ठिकाणी पैशाइतकेच महत्त्व त्या माणसाच्या तेथे टिकून राहण्याला होते.

या भागातील मुलांमध्ये दम नाही, असे आता कुणी म्हणू शकत नाही. कोरपन्याला लागून असलेल्या जिवती आणि राजुरा तालुक्यांतील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य'अंतर्गत एव्हरेस्ट गाठले. दहा जणांच्या पथकातील पाच जण शिखरावर पोहोचले. तेथे प्रायोजक आदिवासी विकास विभाग होता, म्हणजे शासनच. निवड, प्रशिक्षण आणि बक्षीस एकाच हातात होते. मोहिमेसाठी हे चालते. ती एकदाच सर करायची असते. अ‍ॅथलेटिक्समध्ये त्याच मुलांना दरवर्षी जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि तेथे वाटा फुटतात. शालेय स्पर्धा शिक्षण व क्रीडा खात्याच्या, आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभागाच्या, वयोगटाच्या जिल्हा स्पर्धा संघटनेच्या. एका मैदानावर मिळवलेली वेळ दुसरीकडे धरली जाईलच असे नाही.

संघटनेच्या प्रमाणपत्राला तर रोख मोल आहे. राज्य सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षण त्यावर चालते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, ती याच मोलामुळे. गावाकडच्या मुलीच्या दृष्टीने जिल्हा संघटनेचा शिक्का हा नाइकेच्या कराराइतकाच वजनदार कागद आहे. तो कोण देतो, कोणत्या स्पर्धेला देतो, स्पर्धेची सूचना आश्रमशाळेपर्यंत वेळेत जाते का, या गोष्टींवर दिल्लीतील कायद्याची नजर पोहोचायला वेळ लागेल. नव्या कायद्यातील खेळाडू समित्या राष्ट्रीय महासंघांच्या पातळीवर असतील. जिल्हा पातळीवर त्याच धर्तीची समिती असावी, अशी मागणी करणारे तूर्त कुणी दिसत नाही.

मैदानाचे म्हणावे तर स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. कोरपन्याहून राजुरा ओलांडून बल्लारपूरकडे गेले की विसापूरचे क्रीडा संकुल लागते. तेथे कृत्रिम धावपट्टी आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धाही तेथे झाल्या. धावपट्टी आहे, कंपन्या आहेत, कायद्यात तरतूद आहे, पहाटे उठून धावणारी मुलेही आहेत. कोरपन्याच्या मुलीला रोज तेथवर जाऊन परत येणे शक्य नाही. आठवड्यातून दोनदा न्यायचे तर वाहन, सोबत जाणारी जबाबदार बाई, परत आल्यावर वसतिगृहात राखून ठेवलेले जेवण आणि काही हजारांचे स्पाइक बूट लागतील. वाढत्या वयात दरवर्षी त्यांचे माप बदलते. हा खर्च सिमेंट कारखान्याच्या ताळेबंदात दिसणारही नाही इतका लहान आहे. आज तो कोणत्याच खात्याचा विषय नसल्याने बहुतेक मुली ८०० मीटरची वेळ भरतीपुरती आटोक्यात आली की थांबतात. त्यांतल्या एखादीची वेळ भरतीच्या गरजेपेक्षा बरीच चांगली असली, तरी तसे तिला सांगणारा माणूस मैदानावर नसतो. तेथे असलेला हवालदार पन्नास गुणांपैकी तिचे गुण लिहितो आणि पुढचा क्रमांक पुकारतो.